अमळनेरचे शिक्षक साने गुरुजी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत साने गुरुजींचे चरित्र पाहून काही ज्ञातिबांधवांस किंचित नवल वाटेल. गुरुजी आपल्या ज्ञातीत जन्मलेले नव्हते, आणि ज्ञातीज्ञातींमधील भिंती त्यांस मान्यही नव्हत्या. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करणाऱ्या पुरुषास कोणत्याही एका ज्ञातीचा म्हणता येत नाही. तथापि आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे जळगाव व धुळे जिल्ह्यांतील आहेत, आणि या भूमीवर गुरुजींचे ऋण मोठे आहे. 'श्यामची आई' हे त्यांचे पुस्तक घरोघरी आहे. त्यांचे तुरुंगवासही सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ज्या सहा वर्षांत ते अमळनेरास मुलांस शिकवीत होते, त्या वर्षांविषयी फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य खडू-फळ्याच्या सोबतीत गेल्यामुळे त्याचे मन त्या सहा वर्षांकडेच ओढ घेते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड या गावी झाला. घरची पूर्वीची संपन्नता ओसरली होती. दापोली, औंध व पुणे अशा तीन ठिकाणी, पुष्कळदा अर्धपोटी राहून, त्यांचे शालेय शिक्षण झाले. १९१७ साली मातोश्री निवर्तल्या, १९१८ साली ते मॅट्रिक झाले व १९२२ साली पदवीधर झाले. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने १९१६ साली अमळनेरास तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले होते. तेथे अभ्यासासाठी म्हणून हा कोकणातील तरुण खानदेशात आला आणि तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम. ए. झाला. विद्वत्तेच्या मार्गाने जावयाचे तर वाट मोकळी होती. परंतु ग्रंथांच्या एकांतात त्यांचा जीव रमला नाही. जून १९२४ मध्ये ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आली.

शाळेतील अध्यापनाबरोबर छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. बोरी नदीकाठच्या त्या गावात शिकावयास येणारी मुले बहुतांशी आसपासच्या खेड्यांतील असत. त्यांच्या अंथरुणांच्या वळकट्या करणे, खोल्या झाडणे, प्रसंगी कपडेही धुणे ही कामे गुरुजी कोणास न सांगता करीत. मुले शरमली आणि आपण होऊन कामास लागली. या गोष्टी आपण बालपणापासून ऐकल्या आहेत, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाही. त्यांहून कमी सांगितली जाणारी, पण शिक्षकाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट म्हणजे त्यांचे 'छात्रालय' नावाचे दैनिक.

हे दैनिक छापील नव्हते. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत, आणि मुले ते वाचीत. आज वर्गात घेतलेल्या धड्याची उजळणी त्यात नसे. जगात काय घडले, कोणत्या थोर पुरुषाचे स्मरण आज करावे, आकाशात व झाडांवर काय पाहण्यासारखे आहे, कोणत्या देशाचे लोक कशासाठी झगडत आहेत, एखादी कविता कोणत्या प्रसंगातून जन्मली, असे नाना प्रकारचे लेखन एकाच ताटात वाढलेले असे. वर्गाच्या वेळापत्रकाने जे तासातासांत कापून ठेवले होते ते येथे पुन्हा सांधले जाई. इतिहासाच्या तासाची घंटा झाली की इतिहास संपला आणि भाषा सुरू झाली, असे मुलाच्या मनात कधी होत नाही. ते केवळ शाळेच्या सोयीसाठी असते. गुरुजींनी ही सोय मोडून टाकली नाही. तास ते नियमाने घेतच होते. मात्र तासाबाहेर त्यांनी दुसरी शाळा चालविली. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक काढले, तेव्हा छात्रालयाच्या भिंतींपुरते असलेले हे काम बाहेरच्या मुलांपर्यंतही जाऊ लागले.

विषयांची ही सांधणी म्हणजे नेमके काय, हे शिक्षक नसलेल्या वाचकांसाठी आपल्याच शिवारातील उदाहरणाने सांगतो. उदाहरण माझे आहे, गुरुजींचे नव्हे. कपाशीचे एक बोंड मुलाच्या हाती द्यावे. ती काळ्या जमिनीत का येते, असे विचारताच भूगोल आला : अग्निजन्य खडक झिजून झालेली आणि ओल धरून ठेवणारी ही जमीन. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला. त्याच दशकात आगगाडी खानदेशात पोहोचली. हा झाला इतिहास, आणि गुलामगिरीविरुद्ध झालेल्या त्या युद्धाचा धागा आपल्या आजोबा-पणजोबांच्या कर्जाच्या वहीपर्यंत येतो हे मुलास कळले म्हणजे तो इतिहास सहसा विसरला जात नाही. मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी ७८४ पौंडांची. तिचे किलो किती आणि एकरी उत्पन्नावरून हाती काय उरले, हे गणित. सरकी वेगळी कशी होते, हे शास्त्र. वेचणीस जाणाऱ्या बायांच्या ओव्या ही भाषा. एका बोंडात पाच विषय निघाले, आणि मुलाने घोकले काहीच नाही.

हे ऐकावयास गोड लागते, पण करणे कठीण आहे. ज्याचे स्वतःचे वाचन तुटपुंजे त्याने हा मार्ग धरला तर कपाशीवरून निघालेले बोलणे कोठे जाऊन पडेल याचा नेम नाही. शेवटी मुलांस ना कपाशी कळते ना युद्ध. गुरुजींच्या मागे संस्कृत, मराठी, इंग्रजी वाङ्मय व तत्त्वज्ञान यांचा अनेक वर्षांचा अभ्यास होता, आणि शिवाय रोज लिहिण्याचे कष्ट होते. त्यांनी शिक्षणपद्धतीवर शास्त्रीय ग्रंथ लिहून ठेवला नाही. त्यामुळे त्यांच्यामागे आठवणी पुष्कळ राहिल्या, रीत मात्र थोडी राहिली. त्यांच्या लेखनात भावनेचा पूर असतो असा आक्षेप घेतात, तो सर्वथा खोटा नाही. परंतु रोज नवे पान लिहिण्यास नुसती भावना पुरत नाही, हेही आक्षेपकांनी लक्षात घ्यावे.

१९३७ साली वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि महात्माजींच्या कल्पनेतील नयी तालीम पुढे आली. उद्योगाच्या आधारे सर्व विषय शिकवावे, त्यास समवाय म्हणत. कल्पना उत्तम होती, परंतु पुष्कळ शाळांत टकळीचाच एक तास झाला आणि सांधावयास आणलेला उद्योग हाच एक निराळा विषय होऊन बसला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विषयांमधील भिंती कमी कराव्या असे आहे. दुसरीकडे आपल्याच कुटुंबांतील मुले सकाळी एका विषयाच्या शिकवणीस व सायंकाळी दुसऱ्या विषयाच्या शिकवणीस जातात, आणि त्या दोन शिक्षकांची परस्परांशी ओळखही नसते. आपल्या ज्ञातीतील ज्या पालकांची मुले वसतिगृहांत राहतात, त्यांनी तेथील व्यवस्थापकांस एवढे तरी विचारावे की येथे एखादा फळा आहे का, आणि त्यावर रोज सकाळी कोणी चार ओळी लिहितो का. यास पैसा लागत नाही.

एप्रिल १९३० च्या अखेरीस गुरुजींनी शाळा सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. लगेच मे महिन्यात त्यांस अटक झाली. धुळ्याच्या व पुढे त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांस ठेवण्यात आले. दक्षिणेकडील बंदिवानांच्या सहवासात त्यांनी तामिळ भाषेचा परिचय करून घेतला आणि कुरल या प्राचीन ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. १९३२ साली ते पुन्हा धुळे तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती अठराही गुरुजींनी उतरून घेतली. महाराष्ट्रास गीता-प्रवचने लाभली ती या लेखणीमुळे. विद्यार्थ्यांस रोज लिहून देणारा हात येथे स्वतः विद्यार्थ्याचा झाला होता. पुढील वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाली.

त्यानंतरचा काळ चळवळींचा आहे. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसची तयारी, 'काँग्रेस' साप्ताहिक, खानदेशातील शेतकरी व गिरणी कामगार यांची गाऱ्हाणी, पुन्हा कारावास, हे सर्व त्यांच्या मोठ्या चरित्रांत सविस्तर आले आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांतातील मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा व जीवन जाणावे, हा तिचा गाभा होता.

अखेरच्या काळात मन खिन्न असतानाही त्यांनी आपल्या पुतणीस पत्रे लिहिली व ती 'साधने'त छापली. त्या पत्रांत पाऊस, पक्षी, झाडे, नद्या, जुना इतिहास, देशातील ताज्या घडामोडी आणि घरातील साध्या गोष्टी एकमेकींत मिसळून येतात. छात्रालयातील ते दैनिक आता एका मुलीच्या नावाने निघू लागले होते. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी देह ठेवला. ती पत्रे पुढे 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूपाने निघाली.