ध्यास घेतला तर वाट सापडते: धर्मानंद कोसंबी यांचा जीवनप्रवास

आज धम्मपदाचा मराठी अनुवाद मोबाईलवर दोन मिनिटांत मिळतो. त्रिपिटकातील सुत्ते मराठीत, हिंदीत वाचता येतात. पाली शिकायची असेल तर विद्यापीठांत विभाग आहेत. पण सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात किंवा गोव्यात कुणा तरुणाला तथागतांचा धम्म मुळातून शिकावासा वाटला असता तर त्याने कुठे जायचे? कुणाला विचारायचे? याचे उत्तर आसपासच्या कुणाकडेच नव्हते. ज्या भूमीत बुद्धांनी धम्म सांगितला, त्याच भूमीत बुद्ध परका झाला होता.

अशा काळात गोव्यातील एका खेडेगावात एका तरुणाने हे स्वप्न पाहिले आणि त्यासाठी आयुष्य झिजवले. त्यांचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. घर सारस्वत ब्राह्मणाचे, चरितार्थ नारळाच्या बागेवर. आज त्यांचे नाव जगभरच्या पाली पंडितांमध्ये घेतले जाते, म्हणून ते लहानपणापासून फार हुशार असतील, मोठ्या शाळेत शिकले असतील, असे कुणालाही वाटेल. तसे काही नव्हते. त्यांचे शालेय शिक्षण धड झाले नाही. प्रकृती नाजूक होती. इंग्रजी येत नव्हते. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास बाळाबाईंशी लग्न झाले आणि घरची बाग सांभाळायची जबाबदारी अंगावर पडली. आयुष्य तिथेच संपून जाणार अशीच सगळी लक्षणे होती.

मात्र एक गोष्ट त्यांच्याकडे होती. मिळेल ते मराठी पुस्तक ते वाचून काढत. या वाचनातच त्यांच्या हाती 'बालबोध मेवा' हे मुलांचे मासिक आले. हे मासिक ख्रिस्ती मिशनरी चालवत. त्यात भगवान बुद्धांचे छोटेसे चरित्र छापून आले होते. मुलांसाठी लिहिलेली ती काही पाने एका विशीतल्या तरुणाच्या काळजात रुतून बसली. या महापुरुषाचा धम्म शिकायचा, मुळातून शिकायचा, असा ध्यास त्यांनी घेतला.

मित्रांनो, इथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. त्याच दशकात, १८९८ साली, कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे मराठी बुद्धचरित्र प्रसिद्ध झाले. पुढे १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती केळुसकर गुरुजींनी तेच पुस्तक ठेवले. त्यातून काय घडले ते आपण सर्व जाणतो. योग्य वयात हाती पडलेले एक पुस्तक माणसाचे आणि समाजाचे आयुष्य किती बदलू शकते, याची ही दोन उदाहरणे आहेत.

पुस्तक वाचून भारावून जाणारे खूप असतात. धर्मानंद तिथे थांबले नाहीत. शिकण्यासाठी घराबाहेर पडण्याचे त्यांचे आधीचे प्रयत्न फसले होते. वडील गेल्यावर, १८९९ च्या अखेरीस, त्यांनी पुन्हा घर सोडले. खिशात फारसे पैसे नव्हते. घरी पत्नी होती आणि तान्ही मुलगी माणिक होती.

ही बाब झाकून ठेवू नये. आपण थोर पुरुषांच्या त्यागाच्या गोष्टी सांगतो, तेव्हा त्या त्यागाची किंमत आणखी कुणी मोजली हे सांगायचे विसरतो. बाळाबाईंनी जवळपास सात वर्षे नवऱ्याविना काढली. त्या काळात मुलीला घेऊन एकट्या राहणाऱ्या स्त्रीला समाजाने काय काय ऐकवले असेल याची कल्पना करता येते. धर्मानंदांच्या विद्वत्तेत बाळाबाईंच्या त्या सात वर्षांचाही वाटा आहे. आपले स्वप्न पाहताना घरातील कुणाच्या खांद्यावर त्याचे ओझे पडते आहे, हा प्रश्न आजच्या तरुणांनीही स्वतःला विचारला पाहिजे.

घर सोडून ते पुण्याला आले. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. बौद्ध ग्रंथ वाचायचे तर आधी संस्कृत हवे, म्हणून ते ग्वाल्हेरमार्गे काशीला पोहोचले. काशीत अन्नछत्रात मिळेल ते खायचे आणि दिवसभर व्याकरण घोकायचे, असा क्रम सुरू झाला. एवढे करूनही बौद्ध धम्म भेटलाच नाही. तो नेपाळमध्ये अजून जिवंत आहे असे त्यांच्या कानावर होते. १९०२ च्या सुरुवातीला ते एका नेपाळी विद्यार्थ्याबरोबर तिकडे गेले. डोंगर, थंडी, पायपीट सोसून काठमांडूला पोहोचल्यावर मात्र त्यांची घोर निराशा झाली. जो धम्म शोधायला आले होते, तो तिथे त्यांना दिसला नाही.

दोन-अडीच वर्षांची धडपड वाया गेली असे वाटून दुसरा कुणी घरी परतला असता. धर्मानंद बुद्धगयेला गेले. तिथे त्यांना कळले की पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जावे लागेल. मग कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मदतीने ते कोलंबोला पोहोचले आणि विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महाथेरांकडे पाली शिकू लागले. तिथेच ते श्रामणेर झाले. घर सोडताना त्यांना पाली म्हणजे काय, ती कुठे शिकवतात, हेही नीट ठाऊक नव्हते. पुण्याला गेल्यावर काशी समजली, नेपाळला गेल्यावर बुद्धगया, बुद्धगयेला गेल्यावर कोलंबो. सगळी वाट आधी माहीत असती तरच निघतो, असे म्हणत बसले असते तर ते साखवाळमध्येच राहिले असते.

पुढे ते ब्रह्मदेशात गेले, भिक्खू झाले, ध्यानाचा अभ्यास केला. सिंहली आणि बर्मी लिप्या शिकले, कारण ग्रंथ त्या लिप्यांत होते. परका आहार, परके हवामान, वारंवारची आजारपणे सोसली. भारतात परतून कुसिनारा आणि इतर बौद्ध स्थळांच्या परिसरात भिक्खू म्हणून राहिले. १९०६ साली कलकत्त्याला आल्यावर त्यांनी चीवर सोडले आणि अध्यापन सुरू केले. आधी राष्ट्रीय महाविद्यालयात, नंतर कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. ज्याला शाळा पूर्ण करता आली नाही, तो सात वर्षांत विद्यापीठात शिकवत होता. याच काळात त्यांनी बाळाबाईंना आणले. १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला. तोच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून जगाला माहीत झाला.

कलकत्त्यात नोकरी होती, मान होता. मात्र धर्मानंदांच्या स्वप्नाचा दुसरा अर्धा भाग बाकी होता. जे आपण हजारो मैल फिरून शिकलो, ते आपल्या मराठी माणसाला घरबसल्या कळले पाहिजे, असे त्यांना वाटत होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहावेत. कलकत्त्याचा पगार याहून किती तरी जास्त होता. तरीही त्यांनी तो सोडला आणि कमी पैशांत मराठीची सेवा पत्करली. बडोद्यात दिलेली त्यांची व्याख्याने १९१० मध्ये 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने पुस्तकरूपात आली. विद्याप्रेमी सयाजीरावांनी पुढे बाबासाहेबांनाही परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, हे आपल्याला माहीत आहेच.

त्याच वर्षी अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातून त्यांना बोलावणे आले. बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग' हा महान ग्रंथ संपादित करण्याचे काम हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने हाती घेतले होते. १८९९ मध्ये वॉरन वारले आणि काम अर्धवट राहिले. सिंहली आणि बर्मी हस्तलिखिते ताडून शुद्ध पाठ ठरवायचा होता. त्यासाठी परंपरेत बसून शिकलेला माणूस हवा होता. धर्मानंदांनी ते काम मनापासून केले. पण ग्रंथावर संपादक म्हणून कुणाचे नाव यावे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले. कष्ट करायचे आपण आणि श्रेय मात्र दुसऱ्याला, हे त्यांना मान्य नव्हते. १९१२ मध्ये ते भारतात परतले.

तरीही त्यांनी ते काम टाकून दिले नाही. नंतर ते पुन्हा पुन्हा हार्वर्डला गेले आणि १९३२ पर्यंत काम पुरे केले. दरम्यान १९४० मध्ये 'विसुद्धिमग्ग' त्यांनी देवनागरीत मुंबईहून प्रसिद्ध केला. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० साली, वॉरन यांच्या नावासोबत धर्मानंदांचे नाव घेऊन. ते पाहायला ते हयात नव्हते. एका ग्रंथासाठी चाळीस वर्षे! आज एका परीक्षेत अपयश आले की खचून जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा हिशेब सांगितला पाहिजे.

१९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळावे म्हणूनही ते झटले. पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे पुढे नावाजलेले पाली विद्वान त्यांच्या शिष्यांपैकी. नंतर त्यांनी गुजरात विद्यापीठात काम केले, सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला पाली शिकवली. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगवासही भोगला. सदतीसच्या सुमारास मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी 'बहुजन विहार' उभारला. धम्म ग्रंथालयातून कष्टकऱ्यांच्या चाळीपर्यंत यावा, हा त्यामागचा विचार होता.

या साऱ्या धावपळीत लेखणी थांबली नाही. 'बुद्धलीलासारसंग्रह', 'समाधिमार्ग', 'बुद्धसंघाचा परिचय', 'निवेदन' हे आत्मचरित्र, 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा', 'भगवान बुद्ध', सुत्तनिपाताचा अनुवाद, 'बोधिसत्त्व' हे नाटक अशी मोठी ग्रंथसंपदा त्यांनी उभी केली. पंडिताने नाटक लिहावे याचे नवल वाटेल. पण धम्म लोकांपर्यंत न्यायचा तर अनुवाद, चरित्र, कथा, नाटक असे प्रत्येक माध्यम हाताळायला हवे, हे त्यांनी ओळखले होते. सर्जनशीलता म्हणजे तरी दुसरे काय?

'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी एक धाडसी मांडणी केली. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही रूढ कथा त्यांना पटली नाही. जुनी पाली सुत्ते तपासून त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे लक्ष वेधले. माणसे शस्त्र हाती घेऊन एकमेकांवर उठतात हे पाहून सिद्धार्थ अस्वस्थ झाला, असा अर्थ त्यांनी लावला. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचा तंटाच येतो. भारतीय बौद्ध माणूस आज आपल्या लेकरांना जी कथा सांगतो, तिच्या शोधात धर्मानंदांच्या अभ्यासाचाही हात आहे.

आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतील, ते तर गांधीमार्गी होते, त्यांचे आपल्याला काय? ते गांधीजींच्या जवळ होते हे खरे आहे. बाबासाहेबांचा राजकीय मार्ग वेगळा होता हेही खरे. शेवटच्या काळात आजारपणाने शरीर कामाचे राहिले नाही असे वाटून, पार्श्वनाथांच्या विचारांच्या प्रभावातून, त्यांनी अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. मध्यम मार्ग मानणाऱ्या आपल्याला हा निर्णय पटेलच असे नाही. मतभेद जरूर ठेवावेत. पण मतभेद आहेत म्हणून माणसाचे कष्टच नाकारायचे, ही रीत बुद्धाच्या अनुयायांना शोभत नाही. बाबासाहेबांनी स्वतः जगभरचे ग्रंथ वाचले, तपासले, त्यांतून घ्यायचे ते घेतले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण आनंद साजरा केला, अभिनंदनाचे संदेश फिरवले. पण दर्जा मिळाल्याने भाषा जगत नाही, ती शिकणाऱ्यांमुळे जगते. आपल्या किती घरांत त्रिसरण-पंचशील म्हणताना त्या शब्दांचा अर्थ, त्यांचे व्याकरण कुणाला सांगता येते? किती मुले पाली विषय घेतात? धर्मानंदांना ना रस्ता माहीत होता, ना पैसा होता, ना पुस्तके होती. आपल्याकडे आज हे तिन्ही काही ना काही प्रमाणात आहे. ज्याची उणीव आहे ती ध्यासाची.

प्रत्येकाचे स्वप्न पाली शिकण्याचेच असेल असे नाही. कुणाला चित्रपट करायचा असेल, कुणाला संशोधन, कुणाला गाणे, कुणाला स्वतःचा उद्योग. वाट माहीत नाही म्हणून थांबू नका. पहिल्या गावाला पोहोचा, पुढच्या गावाचा पत्ता तिथे मिळेल. आणि जे मिळवाल ते मागे राहिलेल्यांच्या भाषेत, त्यांच्या वस्तीत परत घेऊन या. आपल्या गावच्या, वस्तीच्या विहारात एक कपाट पुस्तकांचे ठेवा. एखाद्या मासिकाची चार पाने कुणाच्या हाती कधी पडतील आणि त्यातून कोण घडेल, हे आधी सांगता येत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!