लुई कॅरोल व त्यांची ॲलिस

एकदां वाचून संपविलेलें गोष्टीचें पुस्तक मुलानें पुन्हां हातीं घेतलें, कीं घरांतील वडील मंडळी नाराज होतात. अभ्यासाचें पुस्तक दहा वेळां वाचावें, पण गोष्टीचें पुस्तक दुसऱ्यांदा वाचणें म्हणजे वेळेचा अपव्यय होय, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचें मत निराळें आहे. कांहीं पुस्तकें अशीं असतात कीं, पहिलें वाचन ही त्यांची केवळ तोंडओळख होय; खरा स्नेह पुढेंच जडतो. अशाच एका अद्भुत कथेच्या कर्त्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ह्या ग्रंथकाराचें खरें नांव चार्ल्स लटविज डॉजसन. त्यांचा जन्म ता. २७ जानेवारी १८३२ रोजीं इंग्लंडांतील चेशायर परगण्यांत डेअर्सबरी येथें झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरांत अकरा भावंडें. त्यांत चार्ल्स तिसरे, व मुलग्यांत सर्वांत वडील. १८४३ सालीं हें कुटुंब यॉर्कशायरमधील क्रॉफ्ट गांवीं राहावयास गेलें. तेथील बागेंत भावंडांसाठीं आगगाडीचा खेळ मांडावा, कळसूत्री बाहुल्यांचीं नाटकें करावीं, घरांतल्या घरांत हस्तलिखित मासिक काढून तें कवितांनीं व चित्रांनीं भरावें, हा त्यांचा आवडता उद्योग असे. हस्तलिखित मासिकासाठीं खपणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

१८५१ च्या जानेवारींत डॉजसन ऑक्सफर्ड येथील क्राइस्ट चर्च महाविद्यालयांत राहावयास गेले, आणि दोनच दिवसांनीं त्यांची आई वारली. हें दुःख गिळून त्यांनीं अभ्यास चालविला. १८५४ सालीं ते गणितांत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले, व पुढच्या वर्षीं तेथेंच गणिताचे अध्यापक झाले. १८६१ सालीं त्यांनीं डीकनची दीक्षा घेतली. परंतु बोलतांना त्यांची जीभ अडखळत असे. त्यामुळें लोकांपुढें उभें राहणें त्यांस जड जाई. वर्गांतील त्यांचीं व्याख्यानेंही विद्यार्थ्यांस रुक्ष वाटत. ह्या संकोची गणित्याच्या अंतरांत केवढें नवल दडलें आहे, ह्याची फार थोड्यांस कल्पना होती. १८५६ सालीं त्यांनीं आपल्या नांवांतील पहिल्या दोन शब्दांचें लॅटिन रूप करून, त्यांची उलटापालट करून व पुन्हां इंग्रजी वळण देऊन 'लुई कॅरोल' हें टोपणनांव घेतलें.

ता. ४ जुलै १८६२ रोजीं दुपारीं ते आपले स्नेही डकवर्थ ह्यांच्यासह होडींतून गॉडस्टो गांवाकडे निघाले. बरोबर महाविद्यालयाचे प्रमुख लिडेल ह्यांच्या तीन मुली होत्या: तेरा वर्षांची लोरिना, दहा वर्षांची ॲलिस व आठ वर्षांची ईडिथ. मुलींनीं गोष्टीचा हट्ट धरला. तेव्हां डॉजसन ह्यांनीं कसलीही पूर्वतयारी नसतां ॲलिस नांवाच्याच एका मुलीला सशामागोमाग बिळांत उतरविलें, आणि गोष्ट सुचेल तशी पुढें चालली. ऐकलेली गोष्ट विरून जाऊं नये, ती पुन्हां पुन्हां वाचतां यावी, म्हणून धाकट्या ॲलिसनें ती लिहून देण्याची विनंती केली. मोठीं माणसें अशीं आश्वासनें देतात व विसरतात. डॉजसन विसरले नाहींत. सुवाच्य अक्षरांत संपूर्ण कथा लिहून, स्वतः ३७ चित्रें काढून, ती वही त्यांनीं १८६४ च्या नोव्हेंबरांत तिच्या हातीं दिली.

मध्यंतरीं ती कथा त्यांनीं जॉर्ज मॅक्डोनल्ड ह्या ग्रंथकार मित्राच्या घरीं वाचावयास दिली होती. आईनें ती मोठ्यानें वाचून दाखविली. आणि सहा वर्षांच्या ग्रेव्हिलला वाटलें कीं, ह्या पुस्तकाच्या साठ हजार प्रती असावयास हव्या! डॉजसन ह्यांनीं कथा बरीच वाढविली. वेड्यांची चहापार्टी व दांत दाखविणारें चेशायरचें मांजर हीं त्याच वेळीं आलीं. चित्रें टेनिएल ह्या नामांकित चित्रकारानें काढलीं. १८६५ सालीं दोन हजार प्रती छापून तयार झाल्या. पण चित्रें नीट उठलीं नाहींत, अशी चित्रकाराची तक्रार आली. छपाईचा सर्व खर्च डॉजसन ह्यांच्याच पदरचा होता, व त्यांचा पगार कांहीं मोठा नव्हता. तरी त्यांनीं ती आवृत्ति मागें घेतली, भेट दिलेल्या प्रती परत मागविल्या, आणि सर्व पुस्तक नव्यानें छापविलें. परत आलेल्या प्रती त्यांनीं रुग्णालयांतील मुलांसाठीं देऊन टाकल्या. मुलांचें पुस्तक म्हणून कसेंही चालेल, हा विचार त्यांस शिवला नाहीं.

आतां ह्या पुस्तकाच्या पुनर्वाचनाविषयीं. लहानपणीं आम्हीं तें वाचलें तेव्हां ॲलिसचें उंच होणें व आंखुडणें पाहून खूप हंसलों, एवढेंच. शाळेच्या वरच्या वर्गांत पुन्हां वाचलें, तेव्हां पाठ केलेल्या कविता तिच्या तोंडून भलत्याच कां निघतात, हें उमगलें. घोकंपट्टीची ती मार्मिक थट्टा होती. प्रौढपणीं वाचलें, तेव्हां निकालाआधीं शिक्षा मागणारी राणी पाहून हंसूं आलें, पण मन गंभीरही झालें. १८७१ च्या अखेरीस निघालेल्या 'आरशापलीकडील' दुसऱ्या भागाचीही तीच गोष्ट. तो सारा प्रवास म्हणजे बुद्धिबळाचा डाव आहे, हें पहिल्या वाचनांत आमच्या ध्यानांतच आलें नव्हतें. ॲलिस हें एक पांढरें प्यादें. तें घरामागून घर ओलांडीत आठव्या घरीं पोंचतें व राणी होतें. आपल्याकडे प्याद्याचा वजीर होतो, तसेंच हें. पुस्तक तेंच राहिलें. वाढलों तें आम्ही.

डॉजसन ह्यांनीं विवाह केला नाहीं. १८८१ पर्यंत त्यांनीं गणित शिकविलें, व पुढें तर्कशास्त्रावर पुस्तकें लिहून त्यांतही मुलांसाठीं कोडीं घातलीं. ता. १४ जानेवारी १८९८ रोजीं गिल्फर्ड येथें बहिणींच्या घरीं त्यांचें देहावसान झालें. ॲलिसनें आपली वही साठांहून अधिक वर्षें जपली; १९२८ सालीं वृद्धपणीं तिला ती विकावी लागली, तेव्हां लिलांवांत १५,४०० पौंड आले. वही अमेरिकेंत गेली. परंतु १९४८ सालीं अमेरिकेंतील सहृदय गृहस्थांनीं ती ब्रिटिश म्यूझियमला परत भेट दिली. ॲलिसची कथा पुढें अनेक भाषांत गेली. आपल्या मराठींतही ती आली आहे.

एका मुलीला दिलेला शब्द पाळण्यासाठीं लिहिलेली वही अशी जगाची झाली. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलगा जुनेंच पुस्तक पुन्हां घेऊन बसला तर त्यास उठवूं नये. सवड असेल तर जवळ बसून एखादें प्रकरण आपणही ऐकावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, जें पुस्तक तुम्हांस आज आवडलें आहे, तें पांच वर्षांनीं पुन्हां उघडा. त्यांतील पानें तींच असतील. पण तुम्ही किती वाढलां, हें तीं तुम्हांस सांगतील.