पडदे काढलेली गिटार

दिवाळीच्या सुट्टीत लेक पुण्याहून घरी आला तो पाठीवर एक लांबलचक गिटार घेऊनच. माझ्या मनात पहिला प्रश्न आला, हिला आता ठेवायची कुठे? दोन खोल्यांत फराळाचे डबे, सासूबाईंची कॉट, माझी महिला मंडळाची कागदपत्रं, आणि त्यात ही पाहुणी. बरं, तारा चारच आणि आवाज सगळा खर्जातला. हिला बेस गिटार म्हणतात, असं लेकानं सांगितलं. गाण्यात ती मागे असते, ऐकणाऱ्याला बहुतेक कळतही नाही, पण काढून घेतली की गाणं पोकळ वाटतं. मी म्हटलं, म्हणजे घरातल्या बाईसारखीच की!

मी आपली आर्ट्सची पदवीधर. भजनी मंडळाची पेटी आणि रेडिओवरची जुनी गाणी यापलीकडे संगीताशी माझा संबंध नाही. पण रात्री जेवणं आटोपल्यावर लेकानं मोबाइलवर एक कार्यक्रम लावला. 1979 चा, अमेरिकेतल्या सांता बार्बराचा. जोनी मिचेल नावाची गायिका गात होती आणि तिच्या बाजूला लांब केसांचा एक उंच, काटकुळा तरुण बेस वाजवत होता. गाणं काही मला कळलं नाही, पण त्याच्या त्या चार तारा तिच्या आवाजाशी बोलत होत्या. ती एक ओळ गायची, हा तिला उत्तर द्यायचा. सारंगीवाला गाणारणीच्या मागे जातो ना, अगदी तसं. मी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं आणि विचारलं, हा कोण रे?

हा जॅको पास्टोरियस. मग काय, सुट्टीभर आमचा नेमच झाला. रोज रात्री त्याचा एक कार्यक्रम बघायचा आणि लेकाकडून त्याची गोष्ट ऐकायची. सुट्टी संपल्यावरही मी एकटी बघत, वाचत राहिले. त्याचं कारण पुढे सांगते.

जॅकोचा जन्म 1 डिसेंबर 1951 चा, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या नॉरिसटाउनचा. लहानपणीच कुटुंब फ्लोरिडाला, समुद्रकाठच्या फोर्ट लॉडरडेल भागात राहायला आलं. वडील ड्रम वाजवायचे, गायचे. मुलगाही ड्रमच शिकला. पण तेराव्या वर्षी फुटबॉल खेळताना मनगट दुखावलं आणि ते पुढेही त्रास देत राहिलं. ज्या बँडमध्ये तो होता, तिथला बेसवाला सोडून गेला आणि ह्यानं बेस उचलला. एक दार बंद झालं म्हणून दुसरं उघडलं.

पुढे त्यानं उभा, मोठा लाकडी बेसही घेतला. पण फ्लोरिडाची हवा दमट, आपल्या कोकणासारखी. लाकूड तडकलं आणि ते वाद्य गेलं. आता तो गोड, घसरता आवाज आणायचा कुठून? सतारीला जसे पडदे असतात तसे गिटारलाही धातूचे पडदे असतात. सरोदला किंवा व्हायोलिनला ते नसतात, म्हणून बोट एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड घसरत जाऊ शकतं. जॅकोनं आपल्या 1962 सालच्या फेंडर गिटारचे सगळे पडदे उपटून टाकले. उरलेल्या खाचा लाकडाच्या लुकणानं भरल्या आणि त्यावर बोटींना लावतात तसल्या रसायनाचा कडक लेप चढवला. असली गिटार त्याच्या आधीही होती, पण त्यानं तिला माणसासारखं गायला लावलं. पडदे नसले की बोट केसभर चुकलं तरी सूर चुकतो. तो चुकायचा नाही.

पहिलं लग्न अगदी लहान वयात, 1970 मध्ये झालं. पत्नी ट्रेसी. मेरी आणि जॉन ही दोन मुलं. संसार चालवायला मिळेल तिथे वाजवायचं, गावोगाव फिरणाऱ्या बँडबरोबर बसनं भटकायचं, आणि त्याच प्रवासात स्वरलेखन, रचना शिकायची. 1976 मध्ये त्याच्या स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड आली. त्यात एक तुकडा बायकोच्या नावाचा आहे, ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’. तार दाबायची नाही, विशिष्ट जागी नुसती शिवायची, की घंटीसारखा सूर निघतो. तो तुकडा जवळजवळ अशाच सुरांनी बांधलेला आहे. मला तो ऐकताना देवघरातली छोटी घंटा आठवली.

त्याच वर्षी तो ‘वेदर रिपोर्ट’ या नावाजलेल्या जाझ मंडळीत गेला. तिचा प्रमुख जो झाविनुल. काही वर्षांपूर्वी मायामीत कार्यक्रमानंतर ह्या पोरानं त्याला गाठून, जगातला सर्वांत मोठा बेसवादक मीच, असं सांगून टाकलं होतं. झाविनुलनं आधी त्याला झटकलं, मग वादन ऐकलं आणि जागा रिकामी होताच बोलावून घेतलं. 1977 ची त्यांची ‘हेवी वेदर’ ही रेकॉर्ड जगभर गाजली.

त्याचे त्या वर्षांतले कार्यक्रम म्हणजे उत्साहाचा धबधबा. 1978 चा जर्मनीतल्या ऑफेनबाखचा कार्यक्रम मी तीनदा बघितला. सगळे वादक थांबतात, हा एकटा उरतो. एका यंत्रावर छोटासा तुकडा वाजवून तोच फिरता ठेवतो आणि त्यावर दुसरा वाजवतो, म्हणजे स्वतःच स्वतःची साथ करतो. मध्येच कोलांटी उडी! बोटं आणि पाय सरसर घसरावेत म्हणून पावडर वापरायचा म्हणे. बेस म्हणजे मागे उभं राहायचं वाद्य. त्यानं ते पुढे आणलं.

शिवाय बाजूची कामं किती! पॅट मेथेनीच्या पहिल्या रेकॉर्डवर तो आहे. जोनी मिचेलच्या तर चार रेकॉर्ड्सवर. 1979 च्या मार्चमध्ये क्युबातल्या हवाना शहरात त्यानं जॉन मॅकलॉफ्लिन आणि टोनी विल्यम्सबरोबर वाजवलं. हा मॅकलॉफ्लिन म्हणजे आपल्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ काढणारा. मग जॅकोला स्वतःचा मोठा वाद्यवृंद हवासा वाटला. तो ‘वर्ड ऑफ माउथ’. 1981 च्या त्या रेकॉर्डमध्ये कॅरिबियन बेटांवरचे स्टीलचे ड्रम आहेत, माउथ ऑर्गन आहे आणि मेरी-जॉनच्या नावाची एक रचना आहे, तीत त्या पोरांचे आवाजही आहेत. 1 डिसेंबर 1981 ला, तिसाव्या वाढदिवशी, त्यानं आपल्याच गावात मित्रांसह मोठा कार्यक्रम केला. त्यातलं वादन ऐकताना वाटतं, ह्या माणसाला आता काही कमी नाही.

पण आतून काहीतरी उसवत होतं. सुरुवातीला दारूला न शिवणारा जॅको दौऱ्यांच्या धबडग्यात पिऊ लागला. झोप नाही, बोलणं थांबत नाही, अचाट बेत, मग एकदम चिडचिड. पहिला संसार मोडला होता. दुसरी पत्नी इन्ग्रिड. 1982 मध्ये तिला फेलिक्स आणि ज्युलियस हे जुळे झाले. त्याच वर्षी तो जपानच्या दौऱ्यावर गेला, तिथे त्यानं डोकं भादरलं आणि आपलं वाद्य हिरोशिमाच्या खाडीत फेकून दिलं असं सांगतात. परतल्यावर डॉक्टरांनी निदान केलं, बायपोलर डिसऑर्डर. मन कधी उधाणाला येतं, कधी पार तळाला जातं, असा आजार. लिथियम नावाचं औषध दिलं. ह्या औषधानं हाताला कंप सुटू शकतो. ज्याची ओळखच बोटांत आहे, त्याला ते किती जड गेलं असेल! औषध सुटत गेलं, दारू वाढत गेली.

इथे मी थांबले होते. मोबाइल बंद करून बराच वेळ अंधारात बसले होते.

माझे धाकटे मामा पेटी वाजवायचे. गावच्या सप्ताहात त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. कधी ते आठ-आठ दिवस झोपायचे नाहीत. रात्रभर पेटी, पहाटे गावभर फिरणं, दुकानातून उधारीवर पंधरा धोतरजोड्या आणून वाटणं. मग दोन-दोन महिने माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कोणी म्हणायचं बाहेरचं आहे, कोणी म्हणायचं कलावंत माणूस, लहरी असायचाच. मामी अंगारे आणायची, पाहुण्यांसमोर दार लोटून घ्यायची. आम्ही पोरं त्यांच्या नकला करून हसायचो. मीही हसले आहे. एका पावसाळ्यात ते घरातून गेले ते परत आलेच नाहीत. त्या आजाराला नाव आहे, औषध आहे, हे मला कळलं ते वीस वर्षांनी, मंडळाच्या कामात जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊ लागल्यावर.

जॅकोचंही पुढे असंच झालं. 1985 मध्ये इन्ग्रिडशी घटस्फोट झाला. न्यूयॉर्कमध्ये तो बागांमध्ये, रस्त्यावर झोपू लागला. 1986 मध्ये ती पडदे काढलेली गिटार चोरीला गेली. त्याच वर्षी त्याला बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल केलं. कोणी? त्याच्या भावाच्या मदतीनं, घटस्फोट झालेल्या इन्ग्रिडनं. नातं कागदावर संपलं होतं, पण मुलांच्या बापाला रस्त्यावर सोडवेना. मला ह्या सगळ्या गोष्टीत तीच सर्वांत धीराची वाटली.

वर्षअखेरीला तो फ्लोरिडाला परतला, पण आजार आणि दारू सुटली नाही. 11 सप्टेंबर 1987 ला एका मोठ्या कार्यक्रमात तो मंचावर घुसला, तिथून त्याला बाहेर काढलं. नंतर रात्री एका क्लबच्या दाराशी धुडगूस घातला. तिथल्या रखवालदारानं त्याला इतकं मारलं की तो बेशुद्धीतून उठलाच नाही. 21 सप्टेंबरला गेला. वय अवघं पस्तीस. मारणाऱ्याला बावीस महिन्यांची शिक्षा झाली, पण चार महिन्यांतच तो सुटला.

चोरीला गेलेली गिटार 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात सापडली. फेलिक्सही पुढे बेसवादकच झाला. जॅको वाढला त्या भागात, ओकलंड पार्कमध्ये, त्याच्या नावाची बाग आहे. ज्याला शेवटी बागेत झोपावं लागलं, त्याच्या नावाची बाग! काय म्हणायचं?

माझ्या लेकाचं आणि माझं मात्र एका गोष्टीवरून वाजलं. त्याचं म्हणणं, असा थोडा वेडा असतो म्हणूनच माणूस असं वाजवू शकतो. मी त्याला सालं मोजायला लावली. ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ 1976, ‘हेवी वेदर’ 1977, ‘वर्ड ऑफ माउथ’ 1981. आजारानं पुरतं गाठलं त्यानंतर काय? मोडलेले कार्यक्रम, तुटलेले मित्र. आजारानं त्याला वाजवायला शिकवलं नाही, रियाजानं शिकवलं. आजारानं त्याचं वाजवणं हिरावून घेतलं. लेक गप्प बसला. मग हळूच म्हणाला की त्याच्या होस्टेलवर एक मुलगा आहे, आठवडाभर झोपलेला नाही, सगळे त्याला भारी समजतात. मी त्याच रात्री त्याला त्या मुलाच्या आईला फोन लावायला सांगितलं.

मैत्रिणींनो, म्हणूनच हे लिहायला घेतलं. घरात कोणी अनेक दिवस झोपत नसेल, पैसा उधळत असेल, आणि मग अंथरुणातून उठत नसेल, तर त्याला लहर म्हणून सोडू नका, बाधा म्हणून लपवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. सरकारनं 2022 मध्ये ‘टेलि-मानस’ सुरू केलं आहे, 14416 या नंबरवर मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. गोळ्यांचा त्रास होत असेल तर त्या आपल्या मनानं थांबवू नका, डॉक्टरांना सांगा. लिथियम असेल तर रक्त तपासत राहावं लागतं, तेही चुकवू नका. आणि जी बाई हे सगळं निभावते आहे, तिच्याकडे अधूनमधून चहाला जा. तिला ऐकणारं कोणी नसतं.

जॅकोनं गिटारचे पडदे काढले तेव्हा ती गायला लागली. आपल्या माजघराच्या दारावरचा पडदा काढायला आपण का घाबरतो? माझ्या मामीनं तो तीस वर्षं काढला नाही. तिला तसं सांगणारंच कोणी नव्हतं.