गोळेश्वरचे खाशाबा

सातारा जिल्ह्यात कोरेगाव, रहिमतपूर, मसूर ही स्थानके मागे टाकून दक्षिणेकडे जाणारी आगगाडी कऱ्हाडला येते. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेल्या या नगराजवळच गोळेश्वर हे लहानसे खेडे आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला.

या मुलखात तालमीची परंपरा मोठी. खाशाबांचे वडील स्वतः मल्ल होते. पाच भावांत धाकटे असलेल्या खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे त्यांनीच दिले. खाशाबांचा बांधा ठेंगणा होता. धिप्पाड प्रतिस्पर्ध्याला केवळ बळाने नमविणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी चपळाई आणि डावपेच यांवर भर दिला. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होय.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना १९४२ च्या चळवळीत त्यांनी भूमिगत देशभक्तांना साहाय्य केले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळी ऑलिंपिक स्पर्धेत केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे. हौशी मल्लाला वेतन नाही, की कोणाचा कायमचा आधार नाही. पहाटेची मेहनत, दिवसाचा अभ्यास आणि सायंकाळची कुस्ती यांचा मेळ त्याचा त्यानेच घालावयाचा. परंतु जोर-बैठकांनी भरून येणारे अंग आणि नवा डाव साधल्याचा आनंद हेच त्याचे धन असते.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. आजवर ते लाल मातीत लढले होते. तेथे मात्र गादीवर कुस्ती होती. पायाखालची भूमी नवी, नियमही नवे! तरीही त्यांनी सहावा क्रमांक पटकाविला. एखादा एवढ्यावर संतुष्ट झाला असता. खाशाबांना मात्र आपल्या उणिवा दिसल्या. मायदेशी परतताच त्यांनी पूर्वीपेक्षा कठोर मेहनत आरंभिली.

१९५२ साली हेल्सिंकीच्या स्पर्धेसाठी त्यांची निवड झाली. परंतु प्रवासाचा खर्च कोठून आणावयाचा? गावकऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी दिली. तीही अपुरी पडली, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. शिष्याच्या अंगच्या गुणांवर गुरूचा केवढा हा विश्वास!

हेल्सिंकीत ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिको येथील मल्लांना हरविले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची झुंज दीर्घकाळ चालली आणि ती त्यांनी थोडक्यात गमावली. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. पण तो पुढे करून दाद मागण्यास तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकल्या अंगाने त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले आणि ते पराभूत झाले. तरीही २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली.

कऱ्हाड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. थोड्या मिनिटांच्या वाटेला सात तास लागले! पण या जयघोषात खाशाबा गुरूंचे ऋण विसरले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचा फड भरविला आणि त्याच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि साहाय्यक आयुक्तपदापर्यंत पोहोचले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिलेले आहे.

खाशाबांचे पदक कांस्याचे होते. परंतु त्यात गावकऱ्यांची वर्गणी, गुरूचे घर आणि एका हौशी मल्लाचा घाम मिसळलेला होता. म्हणूनच त्याचे मोल सोन्याहून उणे नाही.