पंजाबराव देशमुख आणि जपानी भातशेती

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख ऊर्फ भाऊसाहेब (२७ डिसेंबर १८९८ – १० एप्रिल १९६५) हे वऱ्हाडातील शेतकरी नेते, शिक्षणप्रसारक आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषी खाते सांभाळणारे मंत्री होते. १९५३ मध्ये सुरू झालेल्या जपानी भातशेतीच्या देशव्यापी मोहिमेचे ते प्रमुख प्रवर्तक होते.

जीवन

पंजाबरावांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयानंतर ते विलायतेस गेले. एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहिला आणि बॅरिस्टर होऊन ते अमरावतीस परतले. शेतकरी संघाची उभारणी, अंबादेवी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह आणि श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना ही त्यांची वऱ्हाडातील प्रमुख कार्ये होत. ते संविधान सभेचेही सदस्य होते.

जपानी पद्धतीचा प्रसार

परतवाडा-अचलपूर परिसरासह अमरावती जिल्ह्याचा मैदानी भाग कापूस व ज्वारी पिकवणारा. भात हे तेथील मुख्य पीक नव्हे. मात्र फाळणीनंतर देशाला परदेशी धान्यावर अवलंबून राहावे लागत होते, त्यामुळे भाताचे उत्पन्न वाढवणे हे कृषी खात्यापुढील तातडीचे काम ठरले. बोरिवलीच्या कोरा केंद्रात आजमावलेली जपानी पद्धत पंजाबरावांनी देशभर नेली. निवडक बियाणे, गादीवाफ्यावरील रोपे, ओळीत लावणी, कोळपणी आणि भरपूर खत ही तिची अंगे होती.

शास्त्रीय पार्श्वभूमी

या पद्धतीतील खताचे महत्त्व भाताच्या पानाच्या अभ्यासातून पुढे अधिक स्पष्ट झाले. हवेतील कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवणारे रुबिस्को हे विकर पान वाढत असताना वेगाने तयार होते. पान पूर्ण उलगडण्याच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. त्यानंतर नवी निर्मिती मंदावते, जुने विकर विघटित होते आणि त्यातील नत्र नव्या पानांकडे व दाण्यांकडे जाते. पानातील नत्राचा सुमारे पाव हिस्सा या एकाच विकरात असतो. म्हणून नत्र कमी पडल्यास पाने लवकर पिवळी पडतात व दाणे पोसत नाहीत.

मर्यादा आणि वारसा

तत्कालीन उंच देशी वाण अधिक नत्र दिल्यास लोळत. शिवाय मजुरी व खताचा खर्च लहान शेतकऱ्याला जड जाई. त्यामुळे पद्धतीचा लाभ सर्वत्र सारखा झाला नाही. खत पेलणारा आयआर-८ हा बुटका वाण १९६६ मध्ये, पंजाबरावांच्या निधनानंतरच्या वर्षी, प्रसारित झाला. १९६९ मध्ये स्थापन झालेले अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. या विद्यापीठाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही केंद्रात भातावर संशोधन चालते.