परळच्या चाळीतील बॅरिस्टर

अजिंठ्याच्या डोंगरांना लागून सोयगाव तालुका आहे. जगप्रसिद्ध अजिंठा लेणी याच तालुक्यात आहेत. लेणी पाहायला दूरदेशीचे प्रवासी येतात. पण या तालुक्यातील शेतकरी, शेतमजूर आणि कामासाठी परगावी जाणारी माणसे रोजच्या कामात गुंतलेली असतात. कुणाच्या बांधाचा वाद असतो, कुणाची मजुरी बुडालेली असते, कुणा विधवेचे नाव सातबारावर लागलेले नसते. अशी माणसे कापडी पिशवीत कागद घेऊन तालुक्याच्या गावी येतात. कागदात काय लिहिले आहे हे पुष्कळांना कळत नाही. वकिलाला द्यायला पैसे नसतात. एक दिवस कचेरीत गेला की त्या दिवसाची मजुरीही बुडते.

कचेरीतील कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. वकील, दावा, अर्ज, फिर्याद, हुकूम, सनद हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. शब्द ओळखीचे असले, तरी न्याय मात्र गरिबाला फार दूरचा वाटतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी तर तो आणखी दूर होता. त्या काळात मुंबईतील एका चाळीत राहणाऱ्या बॅरिस्टरने गोरगरिबांसाठी आपले दार उघडे ठेवले. त्यांचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना सारे जग ओळखते. या पाठात आपण त्यांची ओळख गरिबांचे वकील म्हणून करून घेणार आहोत.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. आई भीमाबाई भीमराव लहान असतानाच वारल्या. त्यांचे घराणे त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी त्यांना स्वतःच्या हाताने पाणी घेता येत नसे. दुसऱ्याने वरून पाणी ओतले, तरच ते प्यायला मिळे. पाण्याची ही आठवण त्यांच्या मनात कायमची राहिली. पुढे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दावाही पाण्यासाठीच झाला.

रामजी सुभेदारांना शिक्षणाची फार ओढ होती. कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या चाळीत राहू लागले. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले आणि १९१२ साली बी.ए. झाले. बडोद्याच्या महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने हात दिला. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले.

१९२३ साली ते मुंबईला परतले. वकिली सुरू करण्यासाठी सनद काढावी लागते आणि सनदेला पैसे लागतात. तेवढे पैसेही त्यांच्यापाशी नव्हते. याही वेळी भथेना मदतीला आले. सनद मिळाली, पण कामे मिळेनात. त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पक्षकाराला थेट बॅरिस्टरकडे जाता येत नसे. पक्षकार आधी सॉलिसिटरकडे जाई आणि सॉलिसिटर बॅरिस्टरची निवड करी. आंबेडकरांच्या जातीमुळे सॉलिसिटर त्यांना कामे देत नसत. इतका शिकलेला माणूसही जातीच्या भिंतीपुढे उभा राहिला होता.

पण ते खचले नाहीत. त्यांनी अपील शाखेत आणि मुंबईबाहेरच्या न्यायालयांत काम करायला सुरुवात केली. घरखर्चासाठी १९२५ पासून त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम पत्करले. घरी पत्नी रमाबाई काटकसरीने संसार चालवीत होत्या. त्यांची मुले एकामागून एक दगावली. पाच मुलांपैकी एकटे यशवंत तेवढे जगले. एवढ्या दुःखातही दाराशी आलेला माणूस परत जाऊ नये, असे या घराचे वळण होते.

बाबासाहेब परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहत. ही चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेली होती. आजूबाजूला गिरण्यांचे भोंगे वाजत. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी मुंबईला आलेले कामगार या भागात दाटीवाटीने राहत. शहर त्यांना परके होते. शहराचे कायदे त्याहून परके होते. जवळच दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांची कचेरी होती. जुलै १९२४ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कामही तेथूनच चाले.

या कचेरीत निरनिराळ्या गावांची माणसे येत. कुणाला सावकाराने छळलेले असे. कुणाची जमीन गेलेली असे. कुणावर गावाने खोटी फिर्याद केलेली असे. त्यांना नीट बोलताही येत नसे. काय झाले हे सांगताना ते सुरुवात सोडून शेवटच सांगत आणि मग रडू लागत. बाबासाहेब त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेत, कागद वाचून पाहत आणि पुढे काय करायचे ते सोप्या शब्दांत समजावत. ज्याला शक्य असेल त्याच्याकडून ते थोडी फी घेत. ज्याच्याजवळ काहीच नसे त्याचे काम ते फुकट करत. लांबून आलेल्या पक्षकाराला कित्येकदा त्यांच्या घरीच जेवण आणि आसरा मिळे.

वकिलीत त्यांचे नाव होऊ लागले. १९२६ साली पुण्यात एका पुस्तिकेवरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांचे सहकारी यांच्यावर बदनामीचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. अपिलात बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि सर्वांची सुटका झाली. त्यांची बुद्धी आणि कायद्याचा अभ्यास लोकांच्या नजरेत भरला. त्यांनी फक्त धनिकांचे दावे घेतले असते, तर त्यांना सुखाने राहता आले असते. पण त्यांचे मन त्यात रमले नाही.

याच काळात महाडचे प्रकरण उभे राहिले. कोकणातील महाड गावी चवदार तळे आहे. १९२३ साली मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. पुढे महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. पण ठराव कागदावरच राहिला. इतर धर्मांचे लोक तळ्याचे पाणी घेत, गुरेढोरे पाणी पीत, पण अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर गावात गैरसमज पसरले आणि परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. त्या वेळी महाडच्या मुसलमान कुटुंबांनी अनेकांना आपल्या घरात आसरा दिला.

बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरवले. परिषदेसाठी गावात कुणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. इकडे विरोधकांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या न्यायालयात दावा दाखल केला. चवदार तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची जुनी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रतिवादी म्हणून बाबासाहेबांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे नाव होते. आजवर दुसऱ्यांसाठी न्यायालयात उभे राहणारे वकील आता स्वतःच पक्षकार झाले. १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्यांनी तळ्याचे पाणी घ्यायचे नव्हते.

२५ डिसेंबर उजाडला. हजारो स्त्री-पुरुष महाडला जमले होते. तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. वाटेल ते झाले तरी तळ्यावर जायचेच, असा त्यांचा निर्धार होता. बाबासाहेबांपुढे मोठा पेच उभा राहिला. लोकांना थांबवले तर त्यांचा विरस होणार होता. पुढे जाऊ दिले तर न्यायालयाचा हुकूम मोडला जाणार होता आणि त्याचे परिणाम या गरीब माणसांनाच भोगावे लागणार होते. आपला हक्क आहे हे न्यायालयात सिद्ध करून दाखवायचे, अशी त्यांची धारणा होती. ज्यांच्यापाशी पैसा नाही, बळ नाही, त्यांना कायद्याचाच आधार घ्यावा लागतो, हे ते जाणत होते. त्यांनी लोकांची समजूत काढली. सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला. लोकांनी शांतपणे तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता ते आपापल्या गावी परतले.

मग सुरू झाली ती तारखांमागून तारखा पडणारी लांब वाट. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. पण मूळ दावा चालूच राहिला. जुने कागद शोधायचे होते, साक्षीपुरावे गोळा करायचे होते. अखेर ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. विरोधकांनी ठाण्याच्या न्यायालयात अपील केले. १९३३ साली ते फेटाळले गेले. मग दावा मुंबई उच्च न्यायालयात गेला. तेथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी अखेरचा निकाल दिला. अस्पृश्यांना अडवण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे ठरले. ओंजळभर पाणी पिऊन जवळजवळ दहा वर्षे झाली होती. ज्या लोकांनी त्या दिवशी तळ्याकाठी संयम पाळला होता, त्यांचा हक्क कायद्याने मान्य झाला.

या दहा वर्षांतून एक गोष्ट स्पष्ट होते. हक्क खरा असला तरी तो मिळवण्यासाठी कागद लागतो, पुरावा लागतो, वकील लागतो आणि धीर लागतो. बाबासाहेब स्वतः कायद्याचे पंडित होते, म्हणून ही लढाई शेवटपर्यंत चालली. एकट्यादुकट्या गरीब माणसाने ती अर्ध्यावरच सोडली असती.

पुढे बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९४२ ते १९४६ या काळात त्यांनी देशाचे मजूर खाते सांभाळले. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा १९४६ साली झाला. परळच्या गिरणी कामगारांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले होते. स्वातंत्र्यानंतर ते भारताचे पहिले कायदेमंत्री झाले आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षही झाले. कायद्यापुढे सर्व समान आहेत, हे तत्त्व घटनेत आले. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्कही घटनेने दिला.

मराठवाड्याशीही बाबासाहेबांचे नाते जडले. हा भाग शिक्षणात मागे होता. १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. त्यातून शिकून कितीतरी गरीब मुले शिक्षक झाली, वकील झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे बाबासाहेबांचे निधन झाले.

जे काम एके काळी परळच्या कचेरीत एक माणूस करत होता, ते पुढे देशाने आपले कर्तव्य मानले. गरिबी हे न्याय नाकारण्याचे कारण होऊ नये, म्हणून १९७६ साली घटनेत मोफत कायदेविषयक मदतीचे कलम घालण्यात आले. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. या कायद्याने राज्य, जिल्हा आणि तालुका पातळीवर मदतीची व्यवस्था केली आहे. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कारखान्यातील कामगार, कोठडीतील माणसे आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना फुकट वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात साधा अर्ज करता येतो. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते. पण हे माहीतच नसल्यामुळे कितीतरी माणसे कागदांची पिशवी तशीच घेऊन घरी परततात.

येथे तुमचे काम सुरू होते. सोयगावचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळचा कारभार उर्दूत चाले. म्हणून जुन्या जमिनीचे कागद आजही कित्येक घरांत उर्दूत लिहिलेले सापडतात. नवे कागद मराठीत असतात. दोन्ही लिपी वाचणारी माणसे आता थोडी उरली आहेत. तुम्ही त्या दोन्ही शिकत आहात. शेजारची म्हातारी नोटीस हातात घेऊन दारात आली, तर तिला आत बसवा. कागद सावकाश वाचा, त्यातील तारीख तिला नीट समजावून सांगा आणि मदत कुठे मिळते तेही सांगा. परळच्या त्या कचेरीत बाबासाहेबांच्या कामाची सुरुवात अशीच होत असे. आधी ऐकून घ्यायचे आणि मग कागद वाचायचा.