न्यायमूर्ती केशवराव कोरटकर

केशवराव कोरटकर ह्यांचा जन्म १८६७ साली, आजच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातल्या पुरजळ ह्या गावी झाला. वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी प्रथम गुलबर्ग्यास व्यवसाय केला व १८९६ मध्ये ते हैदराबादेस आले. पुढे ते संस्थानच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. आर्य समाजाच्या कार्यातही ते अग्रणी होते. पण तो विषय निराळा.

निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, तर बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. मुलास घरच्या भाषेत वरच्या इयत्तांपर्यंत शिकवावयाचे तर शाळा लोकांनीच काढावी लागे. शाळा म्हणजे नुसता फळा आणि गुरुजी नव्हेत. संस्थेची घटना, जागेचे दस्तऐवज, वर्गणीचा हिशेब, सरकारदरबारी अर्ज; आणि तो नामंजूर झाला की दुसरा अर्ज! येथे कायदा जाणणारा मनुष्य हवा, आणि त्याने फी मागता कामा नये. १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी पाठशाळा निघाली, तिच्या संस्थापकांत केशवराव होते. वामनराव नाईक हे त्यांचे सहकारी. १९२४ च्या सुमारास खाजगी शाळा उघडण्यास सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. तेव्हा अशा माणसांचे मोल लोकांना अधिकच कळले असेल.

ह्याच विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात नोव्हेंबर १९२१ मध्ये महर्षी कर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. तेथे उर्दू, मराठी व इंग्रजी भाषणे लोकांनी ऐकून घेतली. पण आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलू लागताच श्रोत्यांनी त्यांची टवाळी केली. त्या अपमानातून आंध्र जनसंघ जन्मास आला. घरी कोंकणी बोलून वर्गात मराठी शिकविणाऱ्या आम्हांस हा प्रसंग गाळून पुढे जाववत नाही. मातृभाषेसाठी बांधलेल्या वास्तूत दुसऱ्याची मातृभाषा हसण्यावारी जावी, हे दुर्दैवच. मात्र ह्यात केशवरावांचा दोष होता असे म्हणण्यास आधार नाही.

१९३२ साली केशवराव निवर्तले. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार हेही बॅरिस्टर; पुढे हैदराबाद राज्याचे अर्थमंत्री झाले. १९४० मध्ये नारायणगुड्यात वडिलांच्या स्मरणार्थ केशव मेमोरियल शाळा उभारण्यात तेच पुढे होते.